उबदार आवाजाचा माइक

माझा आवाज चांगला आहे, हा माझा फार जुना समज. शाळेत प्रार्थनेनंतर 'सावधान, विश्राम' म्हणायला मलाच उभं करायचे. आवाज मागच्या विहिरीपर्यंत पोचतो म्हणून करायचे, गोड आहे म्हणून नव्हे. पण हा फरक कळायला मला चाळिशी उलटावी लागली आणि दोन माइक विकत घ्यावे लागले.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत राहतो. सातपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. बायकोचं म्हणणं, हे काम मी घरी फुकटही करतो. गाव माझं विंचूरच्या अलीकडे. तिथं थोरला भाऊ, म्हणजे दादा, द्राक्षाची बाग करतो आणि आई त्याच्याकडे असते. शहरात तिचा जीव रमत नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून तिला खाली जाणाऱ्या कुणालाच हाक मारता येत नाही, ही तिची मुख्य तक्रार.

आईचं आधी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कामावरून आलो की मी तिला रोज फोन लावायचो. लावायचो मी, बोलायची ती. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं कुणाला काय सुनावलं, कुणाचा ट्रॅक्टर लासलगावच्या बाजारात रांगेत अडकून पडला, सगळं साग्रसंगीत. मी चहा पीत नुसता हुं हुं करायचो. मग हळूहळू तिला ऐकू येईनासं झालं. कानाचं यंत्र आणून दिलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून तिनं ते उचलून डब्यात टाकलं. मग मी फोनवर ओरडायला लागलो. 'आ-ई, जे-व-ली-स का?' ती म्हणायची, 'हां.' 'गो-ळी घे-त-ली का?' 'हां.' आणि फोन दादाकडे. एकदा दादा म्हणाला, 'आता घरात बी बोलत नाय रे ती. नुसती बसून राहते.' आमची आई आणि नुसती बसून राहते! ऐकू येत नाही म्हणून ती बोलणंही सोडून देईल, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. मला फार वाईट वाटायचं. संध्याकाळी फोनची वेळ झाली की जास्तच वाटायचं.

त्यात मुलगी शिकायला पुण्याला गेली. तिची खोली रिकामी, तिचा कॉम्प्युटर रिकामा आणि माझी संध्याकाळ रिकामी. अशा वेळी शहाणी माणसं योगासनं करतात, गोदाकाठी फिरायला जातात. मी गेम खेळायला लागलो. विमानातून छत्री घेऊन उडी मारायची, पडक्या घरांतून बंदुका हुडकायच्या आणि बाकीचे सगळे मरेपर्यंत आपण जिवंत राहायचं, असा तो खेळ. मी खाली उतरल्या उतरल्या मरायचो. पण मरताना बोलायचो मात्र खूप. 'अरे आला, आला, मागून आला! हाण त्याला! अरे पळ, पळ, मेलो! मेलो रे देवा!' सोसायटीत नवीन राहायला आलेल्या शेजाऱ्यांनी एकदा दार वाजवून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

मुलगी फोनवर म्हणाली, 'बाबा, एवढं बोलताच आहात तर लाइव्ह करा ना. लोक बघतात असलं.' तिनं पुण्याहून सगळं जुळवून दिलं. तिच्या ऑनलाइन क्लासचा हेडफोन होता, तोंडापुढे दांडीवर बारीकसा माइक असलेला, तो मी डोक्यावर चढवला आणि रोज संध्याकाळी, आईच्या फोनच्या वेळेला, जगाशी बोलायला बसलो.

जग म्हणजे तीन जण. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसतो ना, तो तीनच्या वर जाईना. त्यातला एक माझाच मोबाइल, आपण नीट दिसतोय का बघायला शेजारी उघडून ठेवलेला. दुसरी बायको, तीसुद्धा स्वयंपाकघरातून, जेवायला कधी हाक मारावी याचा अंदाज घ्यायला. तिसरा कोण, ते कळेना. तो कधी काही लिहायचा नाही, पण रोज हजर. मी त्याला मनातल्या मनात माझा चाहता म्हणायला लागलो.

मग एके दिवशी एक चौथा माणूस आला. मी नुकताच मेलो होतो. त्यानं लिहिलं, 'काका, माइक बदला. पत्र्याच्या डब्यात बसून बोलताय असं वाटतं.' आणि निघून गेला.

काका म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. पण पत्र्याचा डबा! विहिरीपर्यंत पोचणारा आवाज आणि पत्र्याचा डबा! मी त्या रात्री जेवताना भाजीत मीठ कमी असल्याचं सांगायलाही विसरलो, इतका मला तो शब्द लागला. बायकोनं विचारलं, 'बरं नाही का?' मी म्हटलं, 'मला माइक घ्यायचाय.' ती म्हणाली, 'घ्या की. तिघांपैकी आम्ही दोघं तर घरातलेच आहोत, आम्हाला असंही ऐकू येतं.'

मी तपासणी विभागातला माणूस. एखादी वस्तू घ्यायची म्हणजे आधी तिची पार उलटतपासणी झाली पाहिजे. मी माइकवरचे व्हिडिओ बघायला लागलो. काय एकेक माणसं आहेत! एकच वाक्य आठ माइकमध्ये बोलून दाखवतात आणि आपल्याला विचारतात, फरक जाणवला का? मला कशातच फरक जाणवायचा नाही, पण मी एकटाच खोलीत मान डोलवायचो. त्यातून इतकं कळलं की माइक मुख्यतः दोन जातींचे. एक कंडेन्सर. तो चहाडखोर शेजारणीसारखा, घरातलं बारीकसारीक सगळं ऐकणार. दुसरा डायनॅमिक, जरा तोऱ्यातला. तोंड अगदी जवळ नेलं तरच तो तुमचं ऐकणार, बाकी जगाशी त्याला देणंघेणं नाही. आणि सगळे व्हिडिओवाले एका शब्दावर येऊन थांबायचे, आवाज उबदार हवा. आवाज उबदार कसा असतो, देव जाणे. आमच्या घरात उबदार म्हणजे गोधडी. पण तिसऱ्या व्हिडिओपासून मीही बायकोला सांगायला लागलो की मला जरा उबदार आवाज हवाय.

याच दिवसांत एकदा दादाचा फोन आला. जानेवारी चालू होता, बागेत मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, म्हणजे द्राक्ष मऊ आणि गोड व्हायला लागलं होतं. या दिवसांत दादाला श्वास घ्यायला फुरसत नसते. तो म्हणाला, 'अरे, ते तू संध्याकाळचं गेमवर बोलतो ना, त्याचं नुसतं बोलणं पाठवता येईल का मोबाइलवर?'

मी उडालोच. 'तू बघतोस?'

'मंग! रोज लावतो. लय भारी बोलतो तू.'

म्हणजे तो तिसरा दादा! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आम्हा दोघा भावांत कौतुक करायची पद्धत नाही. लहानपणी त्यानं मला झाडावरून ढकललं आणि हात मोडला नाही, तेव्हा 'बरा पडलास' म्हणाला होता, तेवढंच. मी पाघळून विचारलं, 'काय करणार ऐकून? बागेत काम करताना ऐकणार का?'

'नाय रे. भोंग्यावर लावायचंय. भोरड्या आल्यात.'

भोरड्या म्हणजे ती गुलाबी-काळी पाखरं, साळुंकीच्या जातीची. थव्यानं येतात आणि बाग खाऊन जातात. त्यांना हाकलायला आमच्याकडे कुणी डबे बडवतं, कुणी चमकत्या पट्ट्या लावतं, आणि अलीकडे बागेत खांबावर भोंगा चढवून पेनड्राइव्हवरून माणसांचा आरडाओरडा लावतात. दादा समजावून सांगायला लागला, 'पाखरं लय हुशार असत्यात. तोच तोच आवाज लावला की दोन दिवसांत भोंग्यावरच येऊन बसत्यात. रोज नवीन बोंबलणं लागतं. एवढं रोज कोण बोंबलणार? मंग म्हटलं, आपला धाकला हाय की!'

मी फोन ठेवला. बायकोला सांगितलं. ती पोळी तव्यावर टाकून जी हसत सुटली ती पोळी करपेपर्यंत. 'अहो, पण आता बघणारे वाढले ना तुमचे,' ती म्हणाली. 'थवेच्या थवे.' मी तिच्याशी अख्खी संध्याकाळ बोललो नाही. पण रोजचं बोलणं मात्र मुकाट्यानं दादाला पाठवायला लागलो. पाखरं असली म्हणून काय झालं, मागणी होती. आणि दादाचा निरोप यायचा, 'आजचं एकदम कडक. एक पाखरू थांबलं नाय.' माझ्यातल्या कलावंताला हे वाचून काय वाटायचं ते कुणाला सांगू!

म्हणूनच माइकची निकड वाढली. मी एम.जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं एक चकचकीत कंडेन्सर कॉम्प्युटरला जोडून समोर ठेवला आणि म्हणाला, 'बोलून बघा.' आता आमच्याकडे माइक समोर आला की माणूस काय करतो? आधी टिचकी मारतो, मग फुंकर मारतो. मी दोन्ही केलं. दुकानदारानं कानावरचा हेडफोन असा काही काढून फेकला की काय विचारता. मग मी घसा साफ केला, आणि दुसरं काहीच सुचेना. माइकपुढं बोलायचं एकच वाक्य आमच्या रक्तात आहे, तेच आलं. 'आलेल्या सर्व पाहुणे मंडळींचं हार्दिक स्वागत, कोणीही जेवल्याशिवाय जाऊ नये.' दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक जण म्हणाला, 'काय आहे जेवायला?' मी पहिला दाखवला तोच माइक घेऊन बाहेर पडलो. एवढी उलटतपासणी केलेली, सगळी पाण्यात.

तो माइक चहाडखोर निघाला. पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिलं, 'काका, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करा.' मी जाऊन बंद केला. दुसऱ्या दिवशी बायको आत तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. 'ह्यांचं काय गं, बसलेत आत मरत,' हे वाक्य लख्ख लाइव्ह गेलं. त्याला मात्र लोकांनी भरभरून दाद दिली. तीनाचे एकदम अकरा झाले आणि ते सगळे तिचं पुढचं बोलणं ऐकायला थांबले. मी माइक गुंडाळून परत केला. दुकानदार भला माणूस, त्यानं कुरकुर न करता डायनॅमिक दिला. वर म्हणाला, 'साहेब, टिचकी मारू नका फक्त.'

आणि काय सांगू, हा माइक म्हणजे बस्स! जाडजूड, काळा, तोंडापुढे वाकवता येईल अशा दांडीवर बसवलेला. मी पहिल्यांदा माझाच आवाज त्यातून ऐकला आणि वाटलं, हा माणूस नक्की कुठल्यातरी बँकेत मोठा साहेब असणार. खर्जातला, भारदस्त, अगदी उबदार. एवढा चांगला आवाज मिळाल्यावर तो जपून वापरला पाहिजे ना? मी 'मेलो रे देवा' बंद केलं. आता मी म्हणायचो, 'नमस्कार मित्रहो. आपण आता डोंगराच्या दिशेने निघालो आहोत. समोर शत्रू दिसत आहे. आणि आपला मृत्यू झालेला आहे.' मुलगी फोनवर म्हणाली, 'बाबा, बातम्या वाटतात.' मी ते कौतुक समजलो.

दादाला पाठवायला लागलो तसा चारच दिवसांत त्याचा फोन. 'हे काय पाठवून राहिला तू?'

'नवीन माइक आहे.'

'हे नाय चालत. जुन्यावर बोल.'

'दादा, हा तज्ज्ञांनी निवडलेला माइक आहे. उबदार आवाज आहे.'

'उबदारच हाय. पाखरं झोपत्यात ऐकून.'

मी चिडलो. म्हटलं, पाखरांसाठी मी माझी कला खाली आणणार नाही. तोही चिडला. म्हणाला, जुन्या हेडफोनवर रोज थोडं बोलायला तुझं काय जातं? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. कसलं तत्त्व नि कसलं काय, पण एकदा म्हटलं की म्हटलं. मी रोज नवीन माइकवरचंच पाठवत राहिलो आणि तो रोज एकच निरोप पाठवत राहिला, 'जुन्यावर बोल.' मार्च संपत आला. दादाचा माल उतरला, व्यापारी घेऊन गेला, बाग रिकामी झाली. तरी त्याचे निरोप थांबेनात. बाग रिकामी, पाखरं कशाला येतील? आणि हा म्हणतोय जुन्यावर बोल. मला वाटलं, हा आता मुद्दाम माझा पाणउतारा करतोय. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी डोकं फिरवून घेतलं, माइक खोक्यासकट पिशवीत घातला आणि गाडीला किक मारली. त्याच्या कानाजवळ लावून एकदा ऐकवणारच होतो त्याला, उबदार म्हणजे काय ते.

बागेपाशी पोचलो तर बागेत काहीच नव्हतं. एप्रिलची छाटणी झालेली, नुसते खुंट आणि तारा. खांबावर भोंगाही नव्हता. पण आवाज येत होता. माझा आवाज. जुना, पत्र्याच्या डब्यातला, कर्कश्श. 'अरे आला, आला, मागून आला!' घराकडून येत होता.

भोंगा घरापुढच्या शेवग्याला बांधलेला होता. खाली सावलीत आई परातीत गहू निवडत बसली होती. भोंग्यातला मी ओरडलो, 'अरे मागं कुठून आला हा!' आणि आई परातीतून मान वर न करता भोंग्याला म्हणाली, 'मंग बघावं ना मागं. रोज मागूनच येतो तो मुडदा, तरी ह्याला कळंना.'

मी तिथंच उभा राहिलो. तिनं मला पाहिलं. चेहरा खुलला तिचा. हात वर करून म्हणाली, 'आला का? थांब जरा, आता मरतोय तू.'

भोंग्यातला मी मेलो, चांगला बोंबलत मेलो. मग ती म्हणाली, 'हां, बोल.'

मी तिच्याजवळ गेलो, वाकलो आणि नेहमीसारखा ओरडलो, 'आ-ई! क-शी आ-हे-स?'

तिचा चेहरा असा पुसल्यासारखा झाला. म्हणाली, 'हां.' आणि परत गहू निवडायला लागली.

दादा गोठ्याकडून आला. मी भांडायला आलोय हे माझ्या तोंडावरून त्याला दिसलंच असणार. पण भांडण बाजूलाच राहिलं. मी विचारलं, 'हे काय?'

दादानं सांगितलं. पहिल्या दिवशी बागेत भोंगा लावला, तर 'मेलो मेलो' ऐकून म्हातारी अनवाणी बागेत पळत आली. मी कुठं पडलोय ते शोधत तारांखालून वाकून फिरत होती. तिला समजावून सांगता सांगता दादाच्या ध्यानात आलं, ही ऐकतेय. शब्दन्‌शब्द ऐकतेय. त्या भिकार माइकचा चिरका आवाज, त्यावर भोंग्याची किरकिर, ती तिच्या कानात शिरत होती. मग ती रोज बागेच्या कडेला जाऊन बसायला लागली. माझ्याशी बोलायला लागली. माझ्याशी बोलता बोलता वहिनीशी, दादाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला लागली. माल उतरल्यावर दादानं भोंगा घरापुढं आणून बांधला. पण त्याच्या आधीच माझा उबदार माइक येऊन थडकला होता.

'ती म्हणाली, ह्याला काय झालं, तोंडावर गोधडी घेऊन बोलतो का? आठ दिवस परत गप. जुनंच फिरून फिरून लावलं, तर आता तिला ते पाठ झालंय. तू कधी, कुठं मरतो, सगळं सांगती.'

मला रडू यायला लागलं आणि रागही आला. 'मग मला सांगायचं ना! मी काय नाही म्हटलं असतं?'

'तिनंच सांगू दिलं नाय,' दादा म्हणाला. 'ती म्हणली, त्याला कळलं तर तो माझ्याशी फोनवर बोलतो तसंच ह्यात बी बोलंल. फोनवर मला बहिरी समजून बोलतो. हितं माणसासारखं बोलतो.'

गेलं वर्षभर मी तिला एकच विचारत होतो, जेवलीस का आणि गोळी घेतली का. तेही तोडून तोडून, जणू समोर दोन वर्षांचं पोर आहे. आणि घरात बसून परक्या माणसांना मात्र मी मनापासून सांगत होतो की मला भीती वाटतेय, माझ्या मागं कुणीतरी आहे, मला वाचवा. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, इतका आनंदही कधी झाला नव्हता. दोन्ही एकदम आल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. पिशवीतून माइक काढला आणि म्हटलं, 'हा लाव भोंग्याला. मी समोरासमोर बोलतो तिच्याशी.'

दादानं माझा माइक उलटसुलट करून पाहिला. 'ह्याची वायर कुठं घुसवायची?' भोंग्याच्या यंत्राला तसलं भोकच नव्हतं. तज्ज्ञांनी निवडलेला माइक कॉम्प्युटर सोडून कशालाच लागत नाही, हे एकाही व्हिडिओवाल्यानं सांगितलं नव्हतं. दादा आत गेला आणि भोंग्याबरोबर फुकट आलेला हातातला माइक घेऊन आला. जाळी चेपलेली, वायरीला चिकटपट्टी. बटण दाबताच त्यानं अशी किंचाळी मारली की शेवग्यावरचे कावळे उडाले. आईनं वर बघितलं.

मी ओट्यावर बसलो आणि म्हटलं, 'आ-ई...'

'झालं सुरू,' आई म्हणाली. 'माणसासारखं बोल.'

मी बटणावर बोट ठेवून बसून राहिलो. खरंच सांगतो, काही सुचेना. बोलायची माझी एवढी हौस, आणि समोर ऐकणारं माणूस बसलेलं असताना तोंडाला कुलूप. शेवटी मी म्हटलं, 'आई, मी धाकल्या मामाचं ऐकून केस काळे करणं बंद केलं, बघ किती पिकलेत.' ती हसली. पहिल्या फटक्यात ऐकून हसली! मग मी सुटलोच. सांगितलं, पोरगी गेल्यापासून घरात करमत नाही. तिच्या खोलीत बसतो, ती यायची वाट बघत. कामावर नवीन साहेब आलाय तो माझ्यापेक्षा लहान आहे आणि मला अहो-जाहो करतो, त्यानं उलट म्हातारं झाल्यासारखं वाटतं. गेममध्ये मी फार वाईट खेळतो. तुला फोन लावायची वेळ झाली की मला कसंतरी होतं. पलीकडच्या बागेत कुणीतरी फवारणी करत होता, त्यानं पंप बंद केला. सगळं शिवार ऐकत होतं. वहिनी दारात येऊन उभी राहिली, तिनं पदर तोंडाला लावला, हसतेय की काय ते कळेना. मला कशाचीच पर्वा नव्हती. आई माझ्याकडं बघत होती, डोळे मिटत नव्हती, परातीतला हात थांबलेला.

बोलून बोलून माझा घसा बसला. मी थांबलो.

आईनं परात बाजूला सारली आणि जवळची जागा हातानं झाडली.

'झालं का तुझं?' ती म्हणाली. 'मंग ते बंद कर अन् हितं येऊन बस. माझं लय साठलंय.'